दुरुस्तीला की मोडीत

माझ्या चुलतभावाची मोटार कशेडी घाटात रस्ता सोडून खाली गेली, ही बातमी मला महाडच्या शाळेत, सहावीच्या वर्गावर कळली. पोलादपूरहून आलेल्या एसटीचा कंडक्टर दारातूनच ओरडला, “मास्तर, तुमच्या भावाची गाडी गेली! माणूस वाचलाय, हात मोडलाय.” मी खडू खाली ठेवला. आता या वयात खोटं बोलून मिळवायचं काही उरलेलं नाही, म्हणून सांगून टाकतो. ‘गाडी गेली’ आणि ‘माणूस वाचलाय’ यांच्यामध्ये जो क्षणभर गेला, त्या क्षणात मला बरं वाटलं होतं. पोरांना पाढे म्हणायला लावून मी निघालो आणि स्टँडपर्यंतच्या वाटेवर चेहऱ्यावर काळजी आणायची खटपट करत राहिलो.

तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. पोलादपूरच्या अलीकडे, मुंबई-गोवा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. खाली भाताची खाचरं, वर डोंगराला नाचणी आणि वरी. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो पाळण्यात असतानाच त्याची आई गेली आणि माझ्या आईने त्याला पदराखाली घेतलं. आम्ही एका ताटात जेवलो, असं लोक कौतुकाने सांगायचे. त्या ताटातला मासळीचा मधला तुकडा नेहमी त्याच्या बाजूला असायचा, हे मात्र फक्त मी बघितलेलं.

आमच्या वाडीतला पहिला मॅट्रिक मी. तो चौथीला दोनदा बसला, दोनदा आपटला आणि मुंबईला पळून गेला. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “मोठा महाडला मास्तर हाय. धाकटा मुंबैत कुणाची तरी टॅक्सी चालवतो. बघू, काय करतो तो.” त्या ‘बघू’च्या जिवावर मी बरीच वर्षं सुखात काढली.

मग एका शिमग्याला तो आला, तो मोटार घेऊनच. लांब नाकाची, काळी, जुनी विलायती गाडी. मुंबईच्या कुठल्याशा डॉक्टरांनी वापरून काढून टाकलेली. तिची पुढची सीट सलग होती, बाकासारखी, तपकिरी चामड्याची. पहिल्याच दिवशी त्याने आईला त्या सीटवर आपल्या शेजारी बसवलं आणि पोलादपूरच्या बाजारातून एक फेरी मारली. आई परत आली ती वेगळीच बाई होऊन. उतरताना तिने दाराला हात लावला नाही. तो वळसा घालून आला, त्याने दार उघडलं, मगच ती उतरली. हे तिला एका फेरीत कुणी शिकवलं कोण जाणे.

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. मी औषध घेतलं नाही, कारण दुखणं कशाचं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. आईच्या डोळ्यांना पडदा आला होता. मी तिला दोन वेळा एसटीने महाडच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, त्यातल्या एका वेळी ती पूर्ण रस्ता उभी होती. ते वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. भावाने एकदा गाडीतून नेलं, तर ते डोंगरावरच्या धनगरवाड्यापर्यंत पोचलं. माझी सासुरवाडी महाडजवळच्या नाते गावची. सासरे कधी नव्हे ते माझ्याकडे चालत आले. मला वाटलं, जावयाची आठवण झाली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, “तुमच्या मेव्हणीचं लग्न ठरतंय. तुमच्या भावाची गाडी मिळेल का वरातीला?” शाळा तपासायला आलेल्या साहेबांनीसुद्धा मला विचारलं, “म्हणजे तुम्ही त्या गाडीवाल्यांचे कोण?” मी तोंडभर हसलो. घरी जाऊन बायकोवर खेकसलो.

भाऊ महाडच्या बाजारपेठेत मला चालताना बघितलं की गाडी थांबवायचा, दार आतून उघडायचा आणि म्हणायचा, “बस ना, दादा.” गाडी भाड्याच्या प्रवाशांनी भरलेली असली तरी थांबवायचा आणि आतल्या लोकांना सरका म्हणायचा. मी म्हणायचो, “मला चालायला आवडतं.” भर उन्हात, घामाने सदरा अंगाला चिकटलेला असताना मी हे म्हणत असे. ती गाडी आमच्याकडे होती तोवर मी एकदाही तिच्यात पाय ठेवला नाही. माझ्या अंगी एवढा एकच मोठा निश्चय होता आणि तो मी इथे वापरला.

पण तिचा विमा मीच उतरवला होता. आगीचा आणि मोटारींचा विमा करणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीची एजन्सी माझ्या बायकोच्या नावावर होती. काम मी करायचो. गिरणीवाले, लाकडाचे व्यापारी, दोन-चार ट्रकवाले अशी गिऱ्हाइकं. भावाला मी मोठ्या भावाच्या थाटात बसवून सगळं समजावलं. कमिशन वाढावं म्हणून गाडीची किंमत तिने कधी पाहिलेही नसतील इतक्या चांगल्या दिवसांची लावली. त्याने न वाचता सही केली. “तू सांगतोस तर बरोबरच असंल,” म्हणाला. त्याच्या या विश्वासाचासुद्धा मला राग यायचा.

तर मी त्या दिवशी कशेडीला पोचलो. भादवा सरत आला होता, गणपतीचे चाकरमानी परत गेले होते. खेडला भाडं सोडून तो रिकामा येत होता. वळणावर दरड आलेली, ती चुकवताना मागची चाकं चिखलात गेली आणि गाडी उताराला लागली. वीसेक फूट खाली एका ऐनाच्या झाडाने तिला धरून ठेवलं होतं. नाक चेपलेलं, काचा गेलेल्या, पुढची चाकं दोन दिशांना तोंडं करून बसलेली. भाऊ रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. कुणीतरी त्याचा हात फेट्याने गळ्यात बांधला होता. मला बघितल्यावर त्याला रडू आलं.

“दादा, व्हईल ना रे ती दुरुस्त?”

“हात दुखतो का?” मी विचारलं.

“हाताचं काय, बसंल तो. गाडीचं सांग.”

चार जोड्या बैल आणि वाटेवरच्या लोकांनी मिळून दोर लावून ती वर काढली. तिचं तोंड एका बैलगाडीवर उचलून बांधलं आणि मागच्या चाकांवर तिला आमच्या घरापर्यंत ओढत आणली. दीड दिवस लागला. अंगणाच्या कडेला फणसाखाली ती उभी केली, तेव्हा आईने तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मी विषमज्वरातून उठलो तेव्हा माझ्यावरूनही टाकल्या होत्या. तेवढ्याच होत्या की कमी, हे मी आठवत बसलो.

मी कंपनीला कळवलं, अर्ज इंग्रजीत भरला, भावाचा डाव्या हाताचा अंगठा घेतला, कारण उजवा फळकुटांमध्ये बांधलेला होता. आता ठरायचं होतं ते एवढंच, की गाडी दुरुस्तीला जाणार की मोडीत निघणार. हे कंपनीचा सर्व्हेअर येऊन ठरवायचा. पण एजंटाचं मत विचारात घेतात, आणि मला तर मत असायलाच हवं होतं. मी रात्रंदिवस त्याच विचारात असायचो. माझ्या आयुष्यात कुठल्याच प्रश्नाचा मी इतका कसून अभ्यास केला नसेल.

आधी मला वाटलं, मोडीत निघावी. संपलं एकदाचं. फणसाखालून ती भंगारवाल्याच्या ट्रकात चढताना मी समोर उभा आहे, असं चित्र मी दोन दिवस बघत होतो. तिसऱ्या दिवशी वर्गात गणित घालताना लक्षात आलं, की मोडीत निघाली तर कंपनी विम्याची पूर्ण रक्कम देते. आणि ती रक्कम मीच फुगवून ठेवलेली. म्हणजे माझा भाऊ तिच्यापेक्षा चांगली गाडी घेऊन दारात उभा राहणार, तीही माझ्या कृपेने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग दुरुस्तीच बरी, असं ठरवलं. दुरुस्तीला मुंबईला जाईल, सहा महिने तिथे पडून राहील, लगीनसराई निघून जाईल, सासऱ्यांना मेव्हणीची वरात बैलगाडीतून काढावी लागेल. चार दिवस यावर बरे गेले. पण मग डोळ्यांसमोर आलं, की ती गाडी परत येईल तेव्हा नवा रंग, नव्या काचा, नवं नाक लावून येईल. कंपनीच्या खर्चाने. आणि आई पुढच्या सीटवर बसेल.

दुरुस्ती झाली तर गाडी नवी, मोडीत निघाली तर पैसा नवा. कुठूनही गेलं तरी त्याचंच बरं होत होतं. आणि दोन्ही रस्ते मीच बांधून दिले होते.

एका रविवारी मी महाडच्या बिऱ्हाडातून घरी गेलो. आईने विचारलं, “ती कंपनी करते तरी काय रे?” भाऊ पडवीत घोंगडीवर पडून होता. हाडवैद्याने हात बसवला होता, पण अंगात कसर होती. मी दोघांना समजावून सांगितलं. साहेब येऊन गाडी बघणार. दुरुस्त होण्याजोगी वाटली, तर दुरुस्तीचा खर्च देणार. खर्च फार येतोय असं वाटलं, तर ठरलेले पैसे देणार आणि गाडी कंपनी स्वतःकडे ठेवून घेणार.

“मला पैसं नको,” भाऊ पडल्या पडल्या म्हणाला. “मला तीच गाडी पायजे. तिच्यावर हात बसलाय माझा.”

आई मात्र विचारात पडली. “पैसं देणार आनि गाडी ठेवून घेणार,” ती म्हणाली. “म्हंजे इकतच घेणार की ती.”

तिथे मी सांगायला हवं होतं, की तसं नाही. विकत घेणारा वेगळा आणि नुकसान मोजणारा वेगळा. तो मोडतोड बघायला येतो. मी शिक्षक होतो, समजावणं हा माझा पोटाचा धंदा होता. पण मी आईकडे बघितलं. तिच्या तोंडावर ती बैल विकायच्या आधीची हुशारी आली होती. आमच्याकडे जनावर बघायला कुणी येणार असेल, तर दोन दिवस आधीपासून घर त्या जनावराच्या मागे लागतं. त्याला धुतात, शिंगं तासून तेल लावतात, खुरं साफ करतात, कुठे खरचटलं असेल तिथे हळद-तेल चोपडून ते झाकतात. यात कुणाला फसवायचं नसतं. बघायला येणाऱ्यासमोर आपलं जनावर गबाळं उभं करणं, हा त्या पाहुण्याचाच अपमान, असं समजतात.

“तसंच समज,” मी म्हणालो.

दोनच दिवसांनी मला महाडला कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. सर्व्हेअर पुढच्या सोमवारी येतील. तोवर वाहन आहे त्या स्थितीत ठेवावं, कोणतीही दुरुस्ती करू नये, कुणाला हात लावू देऊ नये, अन्यथा मागणीचा विचार होणार नाही. एजंटाने हे मालकाला तात्काळ कळवावं. मी ते दोनदा वाचलं. घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. पोलादपूरकडे जाणारी एसटी समोर उभी होती, कंडक्टर ओळखीचा होता. चिठ्ठी दिली असती तर तासाभरात घरी पोचली असती. मी बिऱ्हाडी जाऊन जेवलो.

मी विसरलो, असं पुढे मी स्वतःलासुद्धा पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण विसरलेलं पत्र माणूस दिवसातून दहा वेळा कोटावरून चाचपत नाही. दुरुस्तीही नको आणि मोडही नको होती मला. तिसरा रस्ता हवा होता आणि तो त्या कागदात होता.

साहेब यायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी घरी गेलो. लांबूनच ठोके ऐकू आले. अंगणात माणसं जमली होती. गाडी लख्ख धुतलेली होती. चिंच लावून घासलेलं पितळ चमकत होतं. चेपलेल्या नाकाला आतून ठोकून ठोकून पुढे आणलं होतं आणि रंग उडालेल्या जागी तेलात कालवलेली काजळी फासली होती. फुटलेल्या दिव्याच्या जागी झेंडूचा गुच्छ बसवला होता. आणि गाडीच्या पोटाखाली लोहार आडवा झाला होता. कोळशाचा जाळ, भाता, आणि त्या जाळात गाडीच्या सांगाड्याची वाकलेली लोखंडी पट्टी लाल झालेली.

आई कमरेवर हात ठेवून उभी होती. “बघ, कशी केली!” ती म्हणाली. तिच्या बोटांना काजळी लागली होती.

भाऊ फणसाला टेकून उभा होता. ताप उतरला होता, पण चेहरा पडलेला. तो माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “दादा, काकी ऐकत नाय. टॅक्सीपायी मुंबैच्या ग्यारेजात मी दहा वर्सं काढली. सांगाडा कुणी असा तापवत नाय. थंड दाबून काढतात. हे चालंल ना रे?”

ते पत्र माझ्या छातीवर होतं. मी ‘थांबवा’ म्हटलं असतं, तर लोहाराने भाता तिथेच सोडला असता. माझ्या शब्दाला तेवढा मान होता. गाडीला नसेल इतका त्या अंगणात माझ्या मॅट्रिकला अजून मान होता, हे मला त्याच वेळी कळलं आणि तरीही मी म्हणालो, “लोहाराला आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

भावाने मान हलवली. लोहाराने घण उचलला.

साहेब सोमवारी सकाळी आले. सडसडीत माणूस, रेनकोट, हातात बॅटरी. आईने गूळ-पाणी ठेवलं, गाडीपुढे रांगोळी काढली होती. साहेब रांगोळी ओलांडून गेले आणि त्यांनी गाडीच्या नाकावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी ते रुमालाला पुसलं, कोट काढून आईकडे दिला, गाडीखाली शिरले. फार वेळ ते आतच होते. आई त्यांचा कोट दोन्ही हातांवर धरून उभी राहिली, देवाचं वस्त्र धरावं तशी.

बाहेर आल्यावर ते माझ्याशी बोलले. “मास्तर, हे कुणी केलं?”

मी म्हणालो, “घरच्यांनी.”

“नुसती वाकलेली चॅसिस मी मुंबईला पाठवली असती. तिथे सरळ झाली असती. इंजिन उत्तम आहे, मागचं सगळं शाबूत आहे. मी दुरुस्तीच लिहिणार होतो.” ते भावाकडे वळले. “ही आता तापवून ठोकलीय. दोन ठिकाणी चिरा गेल्यात. हिच्यावर माणसं बसवून घाटात चालवायला मी कुणाला परवानगी देणार नाही. ही मोडीतच काढावी लागेल. आणि मोडीतलेही पूर्ण पैसे मिळतील असं नाही, कारण हात लावू नये असं आम्ही लिहून कळवलं होतं.” मग पुन्हा माझ्याकडे. “पत्र मिळालं होतं ना तुम्हाला? तुम्ही यांना सांगितलं नव्हतं?”

मी ‘सांगितलं होतं’ म्हटलं, तर भाऊ बुडत होता. ‘नव्हतं’ म्हटलं, तर एजन्सी जात होती, आणि एजन्सीपेक्षा मोठं म्हणजे या अंगणातला माझा शब्द जात होता. माझं तोंड उघडलं होतं. त्यातून काय बाहेर येणार होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

“सांगितलं व्हतं, सायेब,” भाऊ म्हणाला. “दादानं बजावून सांगितलं व्हतं, हात लावू नका म्हणून. माझीच चूक झाली. आमाला वाटलं, जरा बरी दिसावी.”

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईने बघितलं. डोळ्यांवर पडदा असलेल्या माझ्या आईने इतका वेळ माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं, कोट घेतला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि ते गेले. मी खरं सांगितलं नाही. नंतरही नाही.

पैसे आले ते थोडे आले. त्यात गाडी येण्यासारखी नव्हती. गाडी न्यायला ट्रक आला, तेव्हा मी ठरवल्याप्रमाणे समोर उभा नव्हतो. शाळेत मुद्दाम तास घेत बसलो होतो. ट्रकवाल्याशी भांडून आईने पुढची सीट काढून घेतली. म्हणाली, ही द्यायची नाय. भंगाराच्या भावात तिचं काय ते कापून घ्या.

भाऊ मुंबईला निघाला तेव्हा मी महाडच्या स्टँडवर त्याला भेटलो. पुन्हा कुणाची तरी टॅक्सी चालवणार होता. एका हातात ट्रंक, दुसरा हात अजून पुरता वळत नव्हता. मी त्याच्यासाठी बायकोने दिलेली घावनांची पुरचुंडी घेऊन गेलो होतो. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून वाकून तो म्हणाला, “दादा, मनाला लावून घेऊ नकोस. ते पत्र तू मला दाखवलं असतंस, तरी मला कुठं वाचता येतंय.”

त्याला ठाऊक होतं. साहेबाच्या आधीपासून होतं की नंतर कळलं, ते मी कधी विचारलं नाही. गाडी गेली आणि मी तिथेच उभा राहून त्याच्यावर चिडलो. मोटार आणली तेव्हा चिडलो नव्हतो, इतका चिडलो. शिव्या दिल्या असत्या, तर मी त्या घेतल्या असत्या. पण त्याने मला एसटीच्या खिडकीतून माफी टाकली, भाडं न घेता, आणि ती मला परत करता येत नव्हती. ते मन आपल्याकडे का नाही, याचा हेवा गाडीच्या हेव्यापेक्षा वाईट निघाला. गाडीला निदान दरी तरी होती.

पुढे आईला मी महाडला आणलं. ती सीट घेऊनच आली. आमच्या ओसरीवर विटांवर ती सीट ठेवली आणि आई मरेपर्यंत तिच्यावरच बसली, तेही नेहमी डाव्या अंगाला, उजवी बाजू मोकळी सोडून. शेंगा सोलायच्या तरी तिथेच. कुणी पाहुणा उजव्या बाजूला टेकला, तर त्याला म्हणायची, “तिथं नको. तुमी खुर्चीवर बसा.” मी घरात राहूनही कधी तिच्याजवळ त्या सीटवर बसलो नाही. मला कुणी बस म्हटलंही नाही.

आई गेली तेव्हा भाऊ मुंबईहून आला. केस पांढरे व्हायला लागले होते. दहाव्याचं सगळं आटोपल्यावर तो ओसरीवर आला आणि सवयीने सीटच्या उजव्या बाजूला बसला. ती जागा इतकी वर्षं त्याच्यासाठीच मोकळी होती. चामडं त्या बाजूला अजून तुकतुकीत होतं. त्याने समोर स्टिअरिंग धरल्यासारखे हात केले, मग स्वतःशीच हसून खाली घेतले. मी दारात उभा होतो. खिशात ते पत्र नव्हतं, ते मी कधीच जाळलं होतं, पण हात आपोआप छातीकडे गेला.

“अरे,” मी सुरुवात केली, “त्या वेळी मी...”

“ठाव हाय,” तो म्हणाला. डावीकडच्या मोकळ्या जागेवर त्याने हात थोपटला. “बस ना, दादा.”

या वेळी मी बसलो. आईच्या जागी चामडं झिजून खोलगट झालं होतं, मला तिथे नीट बसता येईना, म्हणून मी जरा वळून बसलो. तसं बसल्यावर समोरचा रस्ता दिसत नव्हता, फक्त गाडी चालवणाऱ्याचा चेहरा दिसत होता. म्हणजे आई इतकी वर्षं वळूनच बसत होती. आमची आई आताच गेली होती, शेजारी भाऊ डोळे पुसत होता, आणि मला पुन्हा पोटात दुखायला लागलं.